पाव, पाळी आणि गाजर

दुकान बंद व्हायच्या वेळी बेकरीच्या मागच्या दाराशी एक सायकल येऊन थांबते. दिवसभरात न खपलेले पाव आत क्रेटमध्ये काढून ठेवलेले असतात. आलेली बाई ते पिशव्यांत भरते आणि निघते. त्यातले थोडे घरी, बाकीचे रस्त्याकडेच्या सामायिक फ्रीजकडे. तिथून ज्याला हवं त्यानं न्यावं. पैशांचा कुठेच संबंध नाही.

जर्मनीत या कामाला रीतसर रूप आलं २०१२च्या डिसेंबरात. अन्नाच्या नासाडीवर 'टेस्ट द वेस्ट' हा माहितीपट काढणारे व्हॅलेंटिन थुर्न आणि त्यांचे सहकारी यांनी 'फूडशेअरिंग' सुरू केलं. पुढे त्याला शिस्तही आली: आधी प्रश्नमंजूषा सोडवायची, मग अनुभवी सदस्याबरोबर तीन फेऱ्या, तेव्हा कुठे ओळखपत्र.

एवढी कडक शिस्त का? कारण दुकानदार एकदा तयार झाला, की सगळा भार पाळीवर येतो. आज कोण जाणार? 'मी जाते' हा निरोप फोनवरच्या ग्रुपमध्ये इतर निरोपांखाली गाडला गेला आणि दोन संध्याकाळी कुणीच फिरकलं नाही, की दुकानदाराचा भरवसा उडतो. पाव पुन्हा कचऱ्यात.

या चळवळीतून आलेल्या काही प्रोग्रामरनी इतर देशांतल्या गटांसाठी 'कॅरट' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बांधलं. त्यातले काही जण लाइपझिगजवळच्या वुर्झेन गावात 'कांटहाउस' नावाच्या सामायिक घरात राहून हे काम करत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा 'सोलिकिल' हा गट ते वापरतो. पडद्यावर फेरीचा वार, वेळ आणि जितकी माणसं हवीत तितके गोल दिसतात. रिकाम्या गोलावर बोट ठेवलं, की ती पाळी आपली.

पण कॅरटचं खरं मोल पाळ्यांच्या पलीकडे आहे. कॅरट म्हणजे गाजर. मराठीत गाजर दाखवतात ते आमिष म्हणून. इथे गाजर म्हणजे विश्वासाची खूण. नव्या सदस्याला फेऱ्या करता येतात, मात्र गटाची माहिती बदलता येत नाही. पुरेशा सदस्यांनी त्याला गाजर दिलं, की तोही हक्क मिळतो. एखाद्याबद्दल गंभीर तक्रार आली, तरी त्याला परस्पर काढून टाकणारा मालक इथे नाही. चर्चा आणि मतदान होतं. त्यासाठी काही दिवसांची मुदत. घाईत कुणाचा बळी जाऊ नये, ही काळजी प्रोग्राममध्येच विणलेली आहे, आणि बाजारातल्या ॲपमध्ये ती सहसा सापडत नाही.

कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही तो घ्यावा, बदलावा, स्वतःच्या सर्व्हरवर चालवावा. अनेक भाषांतली भाषांतरंही स्वयंसेवकच करतात.

फेरी संपली, की दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा आणि किती किलो अन्न वाचलं ते भरायचं. तिथेच पुढच्या माणसासाठी सांगून ठेवता येतं, की उद्या पिशव्या जास्त आणा.