जोंधळ्याची भाकरी आणि तिची जोड

बेळगाव-खानापूर मार्गावरील मच्छे हे गाव भातपिकाच्या पट्ट्यात येते. जोंधळ्याचा मुलूख पूर्वेकडील अथणी-सौंदत्तीचा. तथापि, भाताच्या ताटातही जोंधळ्याच्या भाकरीला नित्य स्थान असणे आरोग्यास हितावह होय.

१०० ग्रॅम जोंधळ्यात सुमारे १० ग्रॅम प्रथिने, जवळजवळ तितकाच चोथा आणि सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी भरते. चोथ्यामुळे पोट साफ राहते व भूक लवकर लागत नाही.

या लोहाचे मोल मोठे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मात्र केवळ भाकरी खाऊन ही उणीव भरून निघत नाही. जोंधळ्यातील फायटेट व टॅनिन ही द्रव्ये लोहाच्या शोषणास अडथळा करतात. शिवाय त्याच्या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक कमी असतो.

यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. मसूर, तूर, मूग यांची आमटी किंवा उसळ लायसिनची उणीव भरून काढते. जेवताना पिळलेले लिंबू लोहाच्या शोषणास साहाय्य करते, तर जेवणालगत घेतलेला चहा ते रोखतो. पिठातील कोंडा चाळून टाकू नये.

गर्भवती स्त्रियांनी व अशक्तपणा जाणवणाऱ्यांनी आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी. भाकरी ही औषधाची जागा घेत नाही. ती औषधाला बळ देते.