गुरुकृपा आणि संसार : संत बहिणाबाईंचा अनुभव

गुरुकृपेचा अर्थ सामान्य भाविक आपल्या गरजेप्रमाणें लावीत असतो. घरांतील आजार हटावा, कर्ज फिटावें, रुसलेला आप्त परत यावा. तसें झालें म्हणजे कृपा झाली, न झालें म्हणजे श्रद्धेंत कांहीं उणें राहिलें, असा हा सरळ हिशेब असतो. या हिशेबांत न बसणारें एक चरित्र मराठी संतवाङ्मयांत आहे, आणि तें चरित्रनायिकेनें स्वतःच सांगितलेलें आहे. तुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई यांनीं आपल्या संसाराची हकीकत अभंगांतून क्रमवार निवेदन केली आहे. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी या निराळ्या. त्यांचा काळ १८८० ते १९५१ हा होय.

संत बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळील देवगांव येथें इ. स. १६२८ च्या सुमारास झाला. वडील आऊजी हे गांवचे कुलकर्णी. अगदीं बालवयांत त्यांचा विवाह शिऊर येथील पाठक घराण्यांतील एका तिशीच्या बिजवराशीं लावून देण्यांत आला. पुढें थोड्याच वर्षांत भाऊबंदकीच्या आणि देण्याघेण्याच्या कटकटीमुळें साऱ्या कुटुंबाला गांव सोडावें लागलें. भिक्षेवर निर्वाह करीत, गांवोगांव फिरत हीं माणसें अखेर कोल्हापुरास पोंचलीं व बहिरंभट नांवाच्या ब्राह्मणाच्या घरीं आश्रयास राहिलीं.

तेथें दान मिळालेल्या एका गाईच्या वासराला या मुलीचा विलक्षण लळा लागला. जयरामस्वामींच्या कीर्तनासही तें तिच्यामागें जाई. गर्दीमुळें वासरूं बाहेर काढलें गेलें, तेव्हां स्वामींनीं त्याला आंत आणविलें आणि दोघांच्याही मस्तकावरून हात फिरविला. गोष्ट गांवभर झाली. बायकोचा असा बोभाटा झालेला वेदपाठी पतीला सहन झाला नाहीं. त्यांनीं तिला बांधून मारहाण केली. वासरानें चारापाणी सोडलें व कांहीं दिवसांत तें मेलें. त्या दुःखांत मुलगी बेशुद्ध पडली. आणि त्याच अवस्थेंत, ज्यांचें दर्शन कधीं घडलें नव्हतें त्या तुकोबांनीं स्वप्नांत येऊन तिच्या मस्तकीं हात ठेवला व मंत्र दिला. तेव्हां तिचें वय अवघें अकराबारा वर्षांचें होतें.

आतां प्रश्न असा, कीं या कृपेनंतर संसारांत काय पालटलें? बाहेरून पाहतां प्रथम दुःख वाढलेंच. तुकोबा शूद्र गणले जात; ब्राह्मणाच्या स्त्रीनें त्यांना गुरु मानावें, ही त्या काळीं अनाचाराची परिसीमा होती. पतीनें गरोदर पत्नीला टाकून जाण्याचा निश्चय केला. बहिणाबाईंपुढें दोन निष्ठांचा पेंच उभा राहिला. पतिसेवा सोडावी तर धर्म जातो, गुरूला सोडावें तर जीवच जातो. त्यांनीं दोहोंपैकीं एकही सोडलें नाहीं. निघण्याच्या दिवशींच पती तापानें अंथरुणास खिळले; बहिणाबाईंनीं अहोरात्र शुश्रूषा केली. त्या दुखण्यांत पतीचें मन पालटलें, आणि सारें कुटुंब देहूस गेलें.

देहूसही सुखाचे दिवस लागले नाहींत. तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीनें या कुटुंबास छळलें. अन्नवस्त्राची ओढ होतीच. तुकोबांचा सहवासही फार काळ लाभला नाहीं. १६५० च्या सुमारास त्यांचें निर्याण झालें.

येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ज्यांच्याकडून ही कृपा आली, त्या गुरूंचाही संसार दुःखमुक्त नव्हता. १६३० च्या भीषण दुष्काळांत तुकोबांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नांतच झाला होता. म्हणजे या परंपरेंत गुरूची कृपा ही संकटाविरुद्धची हमी नव्हे. पोळलेल्या माणसानें पोळलेल्या माणसाच्या मस्तकीं ठेवलेला तो हात आहे.

मग बहिणाबाईंना मिळालें तरी काय? त्यांना वाणी मिळाली. ज्या समाजांत स्त्रीला वेदाचा अधिकार नव्हता, तेथें त्यांनीं अभंग रचले, आपली गुरुपरंपरा आदिनाथांपासून ज्ञानेश्वरांच्या द्वारें तुकोबांपर्यंत निर्भयपणें सांगितली, आणि ब्राह्मण कोणाला म्हणावें याची चर्चा करणारी वज्रसूची मराठींत आणली. जन्मानें नव्हे, ब्रह्मज्ञानानें ब्राह्मण्य येतें, हा त्या ग्रंथाचा आशय. शूद्र गुरु केल्याबद्दल मार खाल्लेल्या स्त्रीनें हा विषय निवडावा, यांतच तिचें उत्तर आहे.

आणखी एक विशेष असा, कीं भक्तीच्या भरांत त्यांनीं घरांतील दुःख झांकून ठेवलें नाहीं. पतीचा कोप, मारहाण, लोकापवाद, स्वतःच्या मनांत डोकावणारा प्राणत्यागाचा विचार, सारें त्यांनीं सांगितलें. छळ हीच कृपा, असें म्हणून त्यांनीं त्याला सोवळें नेसविलें नाहीं. मार तो मारच, आणि कृपा ती कृपाच. दोन्ही एकाच आयुष्यांत घडलीं, इतकेंच त्या सांगतात. त्यांच्या श्रद्धेची खरी शक्ति या प्रामाणिकपणांत आहे.

१७०० सालीं शिऊर येथें बहिणाबाईंनीं देह ठेवला. तेथें त्यांची समाधि आहे. अखेरच्या दिवसांत मुलाला जवळ बसवून त्यांनीं आपल्या पूर्वजन्मांची कथा सांगितली. तिच्यावर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा, हा ज्याच्या त्याच्या भावनेचा प्रश्न आहे. परंतु एवढें निःसंशय, कीं लहानपणीं ज्या मुलीला बोलूं दिलें गेलें नाहीं, ती म्हातारपणीं आपल्या आयुष्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगूं शकली. कर्ज, वणवण आणि लोकनिंदा यांपैकीं कांहींच टळलें नाहीं. पण त्यांपैकीं कशालाही तिच्या जीवनाचा शेवटचा शब्द होतां आलें नाहीं.