कोंबडी काळी पडली म्हणजे शिजली असं नाही

निखाऱ्यावर कोंबडी ठेवून पंधरा मिनिटं होत नाहीत तोच कुणीतरी निकाल देतं, "वरून काळी पडली ना? झाली मग. उतरवा." जळगावजवळच्या मळ्यातली पार्टी असो की धुळ्यातल्या गच्चीवरची, हे वाक्य ऐकू येतंच. गोल झाकणाचं, तीन पायांचं कोळशाचं ग्रिल विकत आणणारेही मांस शिजलं की नाही ते रंगावरूनच ठरवतात. हा समज माणसांना आजारी पाडतो, म्हणून तो नीट तपासायला हवा.

त्याचं मूळ आपल्या भरितात असावं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची. तिथे साल करपून काळी होणं हीच वांगं झाल्याची खूण असते, आणि ती बरोबरही आहे. ती साल आपण काढून टाकतो. आतला गर मऊ, पोकळसर असतो आणि चुकून थोडा कच्चा राहिला तरी कुणाचं पोट बिघडत नाही. कोंबडीला यातलं काहीही लागू पडत नाही. जाळाच्या झळीने वरचा थर काही मिनिटांत करपतो, पण तंगडीच्या हाडालगतचं मांस तेव्हा जेमतेम कोमट झालेलं असतं. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू कच्च्या कोंबडीवर सर्रास आढळतात. मसाला मुरावा म्हणून आपण खोल चिरा देतो, तेव्हा ते आतवर जातात. वरच्या काळ्या रंगाचा तिथल्या तापमानाशी काही संबंध नसतो.

त्यात आपण कोंबडीला लावतो खान्देशी काळा मसाला. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, भाजलेले गरम मसाले. म्हणजे कोंबडी विस्तवावर जाण्याआधीच काळपट असते. मसाल्यात गूळ किंवा मध घातला असेल तर तो आणखी लवकर करपतो. अशा कोंबडीच्या रंगावरून ती शिजली की नाही हे कसं कळणार?

रंग उलट बाजूनेही फसवतो. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिची हाडं कोवळी असल्याने मज्जेतला लाल रंग बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही हाडाजवळ गुलाबी दिसतं. कोळशाच्या धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जुळले की कडेचा गुलाबी रंग पक्का होतो. मग घाबरून लोक ती पुन्हा जाळावर टाकतात आणि तिचा चोथा करतात. आत कच्ची कोंबडी बिनधास्त खायची आणि शिजलेली वाळवून टाकायची, या दोन्ही चुका एकाच समजातून होतात.

"सुरी खुपसली की आतलं मांस पांढरं दिसतं, स्वच्छ पाणी येतं, तेवढं बघितलं की पुरे," हेही खरं नाही. नॉर्वेतल्या नोफिमा या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात पाच युरोपीय देशांतल्या घरगुती स्वयंपाकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोंबडीच्या मांसाचा आतला रंग ५५ अंश सेल्सिअसच्याही आत बदलतो, म्हणजे जंतू मरायच्या कितीतरी आधी, असं त्यात आढळलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने सुरक्षित ठरवलेलं आतलं तापमान आहे ७४ अंश.

तापमानाचं महत्त्व आपल्या भागाला तर वेगळं सांगायला नको. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला सापडला, आणि नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. लोकांनी कोंबडी खाणंच सोडलं होतं. जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती की मांसाच्या सगळ्या भागांत ७० अंश तापमान पोहोचलं की हा विषाणू मरतो. 'नीट शिजवा' याचा अर्थ एक आकडा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, मोजावा लागतो.

त्यासाठी मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो मांडीच्या सर्वांत जाड भागात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका. छातीचा तुकडा ७४ अंशांना उतरवा. तंगडी ८० ते ८५ पर्यंत जाऊ द्या, म्हणजे तिच्यातल्या चिवट ऊती विरघळतात आणि मांस सुटं होतं.

वरून न करपता आत एवढी उष्णता पोहोचवणं हेच झाकणाच्या ग्रिलचं काम. शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये बोयाचा धातूचा गोळा अर्धा कापून ते बनवलं. निखारे एका बाजूला सारायचे, कोंबडी दुसऱ्या बाजूला ठेवायची, झाकण लावायचं आणि झाकणाची झडप कोंबडीच्या वर येईल असं बघायचं. गरम हवा आत फिरते आणि तंगड्या ३५ ते ४५ मिनिटांत तयार होतात. कुरकुरीतपणा हवा असेल तर शेवटची दोन-तीन मिनिटं निखाऱ्यांवर धरा.

आता इतर गैरसमज, थोडक्यात.

झाकण लावलं की कोळसा विझतो: खालची आणि वरची झडप उघडी असेल तर विझत नाही. झडपा बंद केल्या तरच विझतो.

आधी मोठ्या जाळावर भाजलं की रस आत कोंडला जातो: लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही १८४७ मधली कल्पना विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी खोटी ठरवली. भाजल्याने चव येते, रस अडत नाही.

रात्रभर मुरवली की मसाला हाडापर्यंत जातो: आत जातं ते मुख्यतः मीठ. बाकी मसाला वरच्या काही मिलिमीटरांतच राहतो.

कच्ची कोंबडी खळखळून धुतली की जंतू जातात: जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, कोशिंबिरीवर उडतात.

गावरान कोंबडी भाजायला सर्वांत चांगली: वयाने मोठी असल्याने ती निखाऱ्यावर चिवट होते. तिला रस्साच हवा.

धूर थांबला, निखारे लाल झाले, आता ग्रिल घरात आणायला हरकत नाही: हा समज जीव घेतो. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नसतो आणि रंगही नसतो. हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून खोलीत किंवा बंद गॅलरीत ग्रिल ठेवू नका. कोळसा पूर्ण विझून राख गार होईपर्यंत ते उघड्यावरच राहू द्या.