रंगाची गोळी, बेशुद्धीचा डार्ट आणि एकच वायू
लेखमाला : दाबाखालचे वायू – भाग पाचवा

मे महिन्याच्या दुपारी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच दहाच्या आसपास उतरलेला असतो. पोलादी कुपीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड या दोन वेळांना दोन निराळ्या पदार्थांसारखा वागतो. पेंटबॉलचे मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणारी बंदूक, कार्बन डायऑक्साइडवर चालवावी की दाबलेल्या हवेवर, हा खेळाडूंमधला जुना वाद आहे. त्याची रूढ उत्तरे बहुतेक थंड देशांत तयार झाली. थंडीत हा वायू दगा देतो, उन्हाळ्यात चांगला चालतो, असे ती सांगतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे उत्तर जसेच्या तसे उचलणे धोक्याचे आहे.

या बंदुकीचा जन्म खेळासाठी झालाच नव्हता. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली नेल्सन पेंट कंपनी जंगलखात्यांना आणि लाकूड कंपन्यांना झाडांवर खुणा करायचा रंग पुरवत असे. ओढ्यापलीकडच्या किंवा दाट झुडपाआडच्या झाडापर्यंत चालत न जाता खूण करता यावी, म्हणून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीकडून ‘नेल-स्पॉट 007’ तयार करून घेण्यात आली. गुराखीही तिने गुरांवर खुणा करू लागले. तिच्यात 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची छोटी कुपी बसे. पुढे 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी याच बंदुका घेऊन रानातले झेंडे गोळा करण्याचा डाव मांडला. जिंकला तो रिची व्हाइट, व्यवसायाने वनकर्मी. त्याने लागणारे सगळे झेंडे गोळा केले आणि त्यासाठी एकही गोळी झाडली नाही. पोंभुर्ण्याच्या सागवनात मार्किंगला जाणाऱ्या वनरक्षकाला यात नवल वाटणार नाही. जंगलात न दिसता चालणे हे त्याचे रोजचे काम आहे.

आता वायूकडे वळू. कुपीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्या द्रवावर त्याचीच वाफ दाबून बसलेली असते. हा दाब कुपी किती भरली आहे यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. 0 अंशांना तो सुमारे 35 बार, 10 अंशांना 45, 20 अंशांना 57 आणि 30 अंशांना 72 बार असतो. थोडा वायू खर्च झाला की तेवढा द्रव उकळून जागा भरतो आणि दाब पुन्हा तिथेच येतो. इतकी सोपी आणि स्वस्त सोय दुसऱ्या वायूने क्वचितच होते. 12 ग्रॅमच्या कुपीतून साध्या दाबाचा साडेसहा लिटर वायू निघतो. खेळाडू वापरतात त्या 20 औंसांच्या बाटलीत 567 ग्रॅम द्रव मावतो आणि त्यातून 300 लिटरहून अधिक वायू मिळतो. वेल्डिंगवाले, सोडा बनवणारे आणि अग्निशामक नळकांडी भरणारे यांच्यामुळे हा वायू लहान शहरांतही मिळतो.

अडचण उकळण्यातच आहे. एक किलो द्रवाची वाफ व्हायला 20 अंशांना सुमारे 150 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती बाटलीच्या पत्र्यातून व उरलेल्या द्रवातून ओढली जाते. एकेक गोळी सावकाश झाडली तर बाहेरची हवा ही तूट भरून काढते. धडाधड गोळ्या सुटू लागल्या की बाटली थंड पडते, दाब घसरतो आणि गोळ्या अलीकडेच पडू लागतात. बाटली आडवी किंवा उलटी झाली तर द्रवच नळीतून बंदुकीत शिरतो आणि आत गेल्यावर एकदम फुगतो. एक गोळी भलत्याच वेगाने सुटते, पुढची लटपटत जाते. म्हणून बाटलीच्या आत वरच्या बाजूला वाकवलेली नळी बसवतात. ती द्रवाच्या पातळीच्या वर राहते आणि फक्त वाफ ओढते. रबरी ओ-रिंगांमध्येही हा वायू मुरतो. दाब अचानक उतरला की आत मुरलेला वायू फुगून रिंगला फोड आणतो. विजेवर चालणाऱ्या नाजूक झडपांच्या मार्करना म्हणूनच कार्बन डायऑक्साइड वर्ज्य मानतात.

इथपर्यंत सगळे थंड देशांच्या पुस्तकाप्रमाणे. पण 31 अंशांना एक सीमा येते. त्यापलीकडे बाटलीत द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. एकच दाट पदार्थ होतो, आणि त्याचा दाब बाटली किती भरली आहे यावर ठरू लागतो. पूर्ण मापाने भरलेली, म्हणजे दर लिटरला 680 ग्रॅम वायू असलेली बाटली 45 अंशांना तापली तर आतला दाब 120 बारच्या आसपास पोचतो. उन्हात उभ्या जीपमध्ये तापमान याहून वर जाते. रेग्युलेटर नसलेल्या साध्या मार्करमध्ये वाढलेला दाब सरळ गोळीमागे जातो. पेंटबॉलच्या मैदानांवर वेगाची मर्यादा बहुधा सेकंदाला 280 ते 300 फूट असते. सकाळी वेग मोजून ठीक ठरवलेली बंदूक दुपारी ती ओलांडते. तोंडावर मुखवटा नसेल तर अशी गोळी डोळा कायमचा घालवू शकते. म्हणून विदर्भात वेग एकदा मोजून भागत नाही. ऊन चढले की पुन्हा मोजावा लागतो.

दाबलेल्या हवेचे वागणे साधे असते. ती द्रव होत नाही. बाटलीत 200 किंवा 300 बारला भरतात आणि तोंडावरचा रेग्युलेटर तो दाब साधारण 58 बारवर आणतो. तापमान 10 वरून 30 अंशांवर गेले तर हवेचा दाब सात टक्के वाढतो. कार्बन डायऑक्साइडचा तेवढ्यातच साठ टक्के वाढतो. हवेचा नियमितपणा खराच मोलाचा आहे, पण 300 बारचा कंप्रेसर तालुक्याच्या गावी कुठून आणायचा? हवा की कार्बन डायऑक्साइड, हे बहुतेक ठिकाणी या प्रश्नावरच ठरते.

पोंभुर्ण्यात याच वायूवर चालणारी एक बंदूक मात्र खेळापेक्षा फार गंभीर कामासाठी येते. हा भाग मध्य चांदा वनविभागात मोडतो आणि इथे वाघ व माणूस यांचे रस्ते एकमेकांना छेदतात. ऑगस्ट 2014 मध्ये याच परिसरात माणसांचे बळी घेणाऱ्या एका वाघिणीला पोलिसांच्या सी-60 पथकाने गोळी घातली. त्याउलट ऑक्टोबर 2022 मध्ये गडचिरोलीतल्या वडसा भागात सीटी-1 हा वाघ ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या शीघ्र कृती दलाने बेशुद्धीचा डार्ट मारून जिवंत पकडला. तेरा माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. जिवंत पकडण्याचा हा मार्ग ज्या बंदुकीमुळे खुला होतो, ती बहुधा कार्बन डायऑक्साइडवर चालते. डॅन-इंजेक्ट या डेन्मार्कच्या कंपनीच्या अशा बंदुका भारतातल्या वनखात्यांकडे आहेत.

पेंटबॉलला छळणारा वायू इथे का चालतो? कारण डार्टच्या बंदुकीत कुपीचा दाब थेट डार्टमागे जात नाही. नेमबाज झडप उघडून थोडा वायू एका कप्प्यात सोडतो, दाबमापकावर आकडा पाहतो, जास्त झाला तर सोडून देतो आणि मगच चाप ओढतो. लागणारा दाब कुपीतल्या दाबापेक्षा खूप कमी असतो. त्यामुळे कुपीत 45 बार असोत की 75, कप्प्यातला आकडा हवा तेवढाच ठेवता येतो. गोळ्यांचा मारा नसतो, म्हणून कुपी गारठतही नाही. डार्टचे वजन आणि अंतर यांच्या तक्त्यावरून दाब ठरतो. वीस मीटरवरचा वाघ आणि पस्तीस मीटरवरचा वाघ यांना वेगळा आकडा लागतो. कमी पडला तर डार्ट गवतात जातो आणि वाघ सावध होतो. जास्त झाला तर मांडीच्या जाड स्नायूसाठी असलेली सुई खोल घुसते, हाडालाही इजा करू शकते. अंतराचा अंदाज आणि मापकावरची नजर यांत वाघाचे प्राण असतात. या कामाचे कौतुक वर्तमानपत्रांत होते त्याहून कितीतरी जास्त व्हायला हवे.

तरीही ऊन इथेही पाठ सोडत नाही. पहाटे 10 अंशांना कप्प्यात भरलेला वायू तसाच ठेवून मचाणावर थांबले आणि दुपारच्या उन्हात बंदूक 40 अंशांपर्यंत तापली तर त्याचा दाब सुमारे दहा टक्के चढतो. म्हणून जनावर टप्प्यात आले की आकडा पुन्हा पाहायचा असतो.

कार्बन डायऑक्साइडवर मार्कर चालवायचेच असेल तर या भागात बाटली सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवावी, रेग्युलेटर लावावा आणि गोळ्या सावकाश झाडाव्यात. बाटली अंदाजाने कधीही भरू नये. दाब पाहून बाटली किती भरली हे कळत नाही, त्यामुळे रिकामी तोलायची आणि भरताना पुन्हा तोलायची. जादा भरलेल्या बाटलीची सुरक्षा-चकती उन्हात फुटते, आणि चकती नसली तर बाटलीच फुटते. देशभरातल्या दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे आणि 2016 चे गॅस सिलिंडर नियम तीच राबवते. सिलिंडरवर कोरलेले आकडे कसे वाचायचे आणि त्याची पाण्याने दाबचाचणी कशी होते, ते पुढच्या भागात.