पत्ता नसलेल्या आज्ञावलीला परवाना कोणाचा?

बँकेचे खाते पाहण्यासाठी आपण एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा समोर येणारे पान आधीच लिहून ठेवलेले असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते बहुधा त्याच क्षणी रचले जाते. ते रचणाऱ्या आज्ञावलीचे काही भागही सर्व्हर चालू असतानाच तयार होतात. माणसाने न लिहिलेल्या, यंत्रानेच जन्माला घातलेल्या या आज्ञावलीला सर्व्हरवरील फायली वाचू द्यायच्या का? बाहेरच्या संगणकाशी बोलू द्यायचे का? आणि हे कशाच्या आधारे ठरवायचे? जावा या संगणकभाषेच्या जगाने या प्रश्नाशी पाव शतकाहून अधिक काळ झुंज दिली. तिचा शेवट कसा झाला, हे आपला पैसा आणि माहिती महाजालावर सोपवणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

जावाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. महाजालावरून आलेला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ॲप्लेट, थेट आपल्या संगणकावर चालवण्याची सोय हे तिचे मोठे आकर्षण होते. परक्याचा प्रोग्रॅम घरात घ्यायचा तर बंधने हवीतच. म्हणून अशा ॲप्लेटला आपल्या संगणकावरील फायली वाचता येत नसत आणि तो ज्या सर्व्हरवरून आला, त्याखेरीज अन्य कोणाशी संपर्कही साधता येत नसे. या कामावर नेमलेल्या पहारेकऱ्याचे नाव ‘सिक्युरिटी मॅनेजर’. ‘घरचे’ आणि ‘परके’ एवढी ढोबळ विभागणी मात्र पुरेशी नव्हती. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावा १.२ ने प्रत्येक आज्ञावलीला वेगळा परवाना देण्याची पद्धत आणली.

मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावरील रखवालदार जसा येणाऱ्याला ‘कुठून आलात’ असे विचारून वहीत नोंद करतो, तशीच ही पद्धत होती. जावातील आज्ञावली ‘क्लास’ नावाच्या लहान घटकांत विभागलेली असते. प्रत्येक क्लास कोणत्या ठिकाणाहून आला आणि त्यावर कोणाची स्वाक्षरी आहे, हे पाहून त्याचे अधिकार ठरत. कोणत्या पत्त्याला काय करू द्यायचे, हे सर्व्हरचा व्यवस्थापक एका धोरण-फाइलमध्ये लिहून ठेवी. त्याला एका कडक नियमाची जोड होती. फाइल उघडण्यासारखे नाजूक काम निघाले की ते करवून घेणाऱ्या क्लासांची सारी साखळी तपासली जाई आणि साखळीतील एकालाही परवाना नसेल तर काम नाकारले जाई. बिनपरवान्याच्या आज्ञावलीने परवानाधारकाच्या आडून काम साधू नये, हा त्यामागचा हेतू.

व्यवस्था उत्तम होती, पण तिचा सारा भार पत्त्यावर होता. बाहेरून येणाऱ्याला पत्ता असतो. जो संकुलातच जन्मला त्याचे काय?

असे जन्म वेब ॲप्लिकेशनमध्ये सतत होतात. जेएसपी हे पहिले उदाहरण. हे पान पहिल्यांदा मागवले जाते तेव्हा सर्व्हर त्याचे जावा आज्ञावलीत रूपांतर करून त्यापासून नवा क्लास बनवतो. टॉमकॅट या प्रसिद्ध सर्व्हरने येथे योग्य मार्ग निवडला होता. ज्या ॲप्लिकेशनचे पान, त्याच ॲप्लिकेशनचे अधिकार त्या क्लासला मिळत. मूल ज्या घरातले, त्या घराच्या शिधापत्रिकेवर त्याचे नाव.

सर्वांनी मात्र ही काळजी घेतली नाही. माहितीसाठ्याशी जोडणारी हायबरनेटसारखी साधने मूळ क्लासचा एक तोतया चालू सर्व्हरमध्येच घडवतात. असा क्लास घडवताना त्याचा पत्ता सोबत न दिल्यास जावा त्याला ‘पत्ता नसलेला’ ठरवी आणि ‘सर्वांना’ दिलेले तेवढेच अधिकार त्याला मिळत. ते अर्थातच जुजबी असत. हा पोरका क्लास साखळीत आला की वरच्या नियमामुळे सारे कामच अडे. उलट काही ठिकाणी नवजात क्लासला तो घडवणाऱ्या साधनाचेच अधिकार मिळत. साधनावर ॲप्लिकेशनपेक्षा अधिक विश्वास टाकलेला असेल, तर हा क्लास आपल्या मालकापेक्षाही वरचढ ठरे.

अडलेले काम सुरू करण्याचा सोपा उपाय धोरण-फाइलमध्येच होता. पत्ता नसलेल्याला ‘सर्वांचे’ अधिकार मिळतात ना, मग सर्वांनाच सर्व अधिकार देऊन टाका! दोन ओळी लिहिल्या की तक्रार संपत असे. आणि तिच्यासोबत सुरक्षाही. काही जण त्याही पुढे जाऊन पहारेकरीच बंद ठेवत. बारीकसारीक परवान्यांच्या याद्या करणे आणि साधनाची नवी आवृत्ती आली की त्या पुन्हा तपासणे, हे काम इतके किचकट होते की सर्व्हरवर सिक्युरिटी मॅनेजरचा वापर अपवादानेच होत राहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या जावा १७ ने तो पुढे काढून टाकला जाईल, असे जाहीर केले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, ‘लॉग४शेल’ने जगाची झोप उडवली. नोंदी ठेवणाऱ्या लॉग४जे या साध्याशा साधनात हा दोष होता. माइनक्राफ्ट खेळातील गप्पांच्या चौकटीत विशिष्ट मजकूर टाकला, तरी तो नोंदवताना सर्व्हर बाहेरच्या संगणकाशी संपर्क साधी. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत तर तिकडून क्लास आणून थेट चालवला जाई. या दोषाला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले. काटेकोर परवाने असते तर अशा उपऱ्या क्लासचे हात बऱ्याच अंशी बांधता आले असते. पण बहुतेक ठिकाणी पहारेकरी जागेवर नव्हताच.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ ने सिक्युरिटी मॅनेजर कायमचा निकामी केला. टॉमकॅटच्या ११व्या आवृत्तीनेही त्याचा आधार काढून घेतला. आता पहारा इमारतीच्या आतून निघून कुंपणावर गेला आहे. संगणकाची कार्यप्रणाली, प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतंत्र कोठडीत ठेवणारे कंटेनर आणि बाहेरचे संपर्क रोखणारी जाळ्यावरील बंधने यांच्यावर भिस्त आहे. ही कुंपणे सांभाळायला सोपी आहेत. मात्र त्यांच्या आत सर्व क्लास सारखेच. बँकेची मूळ आज्ञावली, कोठून तरी आणलेले साधन आणि क्षणापूर्वी जन्मलेला तोतया यांच्यात आता भेद केला जात नाही.

म्हणूनच दोन ॲप्लिकेशने एका कोठडीत न ठेवणे, सर्व्हरला गरजेपुरतेच बाहेर बोलू देणे आणि वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुराची कधीही आज्ञा होऊ न देणे, ही पथ्ये पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहेत. जुनी व्यवस्था विचाराने चुकीची नव्हती. ती पाळणे माणसांना झेपले नाही. जे कुलूप लावताना रोज हात दुखतात, ते हळूहळू उघडेच राहू लागते. नवे कुलूप घडवणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.