दूरस्थ संगणकावरील निर्बंध : लागतात कोठे, बाधतात कोठे

मार्चअखेरची देयके करावयास बसलेला तालुक्याचा एखादा लिपिक आपल्या टेबलावरून जिल्ह्याच्या मध्यवर्ती सर्व्हरशी जोडला जातो, तक्ता पूर्ण करतो, आणि तो जतन करू लागताच पडद्यावर सूचना उमटते : या संगणकावर लागू असलेल्या निर्बंधांमुळे ही कृती रद्द झाली आहे, आपल्या प्रशासकाशी संपर्क साधावा. निर्बंध कोणता आणि तो कशासाठी, याविषयी तीत एक अक्षरही नसते. प्रशासकाच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र सारे सुरळीत चालते. त्यामुळे लिपिकाचेच काही चुकले असावे, असा ग्रह होतो.

निर्बंधांमागील हेतू बहुधा रास्तच असतो. रिमोट डेस्कटॉप पद्धतीत प्रत्येकास स्वतंत्र पडदा दिसला तरी यंत्र एकच असते. एकाने ते बंद केले तर सर्वांचेच काम खोळंबावयाचे. यास्तव यंत्र बंद करण्याची आज्ञा, 'रन'ची चौकट, सी ड्राइव्ह आदी गोष्टी वापरणाऱ्यांपासून दूर ठेवल्या जातात. विंडोज प्रणालीत २००० सालापासून हे काम 'ग्रुप पॉलिसी' या व्यवस्थेमार्फत होते.

या व्यवस्थेत काही नियम यंत्राला लागतात, तर काही व्यक्तीला. डेस्कटॉपवरील बहुतेक निर्बंध दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. व्यक्तीच्या नावे लिहिलेला नियम ती व्यक्ती जेथे लॉग इन करील तेथे तिच्यामागून जातो. दप्तरखान्यात पादत्राणे काढून जावे, हा नियम दाराऐवजी कर्मचाऱ्याच्या नावापुढे लिहून ठेवला, तर त्याने भर उन्हात रस्त्यानेही अनवाणीच चालावयाचे! सर्व्हरसाठी केलेली बंदी मग कार्यालयातील त्याच्या नेहमीच्या संगणकावरही लागते आणि तेथील बंद करण्याची आज्ञाही नाहीशी होते.

यावर 'लूपबॅक' नावाची तरतूद आहे. ती सर्व्हरवर लागू केली की व्यक्तीवरील निर्बंध त्या यंत्रापुरते मर्यादित राहतात. तिच्या 'रिप्लेस' या प्रकारात व्यक्तीचे मूळचे नियम बाजूस सारले जातात. 'मर्ज'मध्ये दोन्ही एकत्र येतात व विरोध आल्यास यंत्राकडील नियम वरचढ ठरतो. मात्र या जाळ्यात दुरुस्तीसाठी आलेला प्रशासकही सापडतो. प्रशासकांच्या गटास त्या पॉलिसीतून आधीच वगळणे शहाणपणाचे.

सी ड्राइव्हविषयीचे नियम दोन आहेत. एक ड्राइव्हचे केवळ चिन्ह लपवितो. दुसरा तो उघडूच देत नाही. प्रत्येकाचा डेस्कटॉप आणि 'डॉक्युमेंट्स' हे फोल्डर सामान्यतः सी ड्राइव्हवरच असतात, याचा दुसरा नियम लावताना विसर पडतो आणि लिपिकाची वाट अडते. हे फोल्डर अगोदर जाळ्यावरील सामायिक जागी हलवून मग प्रवेशबंदी करावी. 'रन' काढून टाकण्याचा नियमही दिसतो तेवढा साधा नाही : त्यासरशी पत्त्याच्या पट्टीत सामायिक फोल्डरचा मार्ग लिहून तेथे जाण्याची सोयही बंद होते.

कधी उलटेही घडते. १४ जून २०१६ रोजी मायक्रोसॉफ्टने एक सुरक्षा सुधारणा प्रसृत केली. तेव्हापासून व्यक्तीचे नियमही संगणकाच्या ओळखीने वाचले जाऊ लागले. ज्या पॉलिसी केवळ निवडक गटांपुरत्या राखून वाचनाचा अधिकार इतर सर्वांकडून काढून घेतला होता, त्या लागू होणेच थांबले. लपविलेले ड्राइव्ह पुन्हा दिसू लागले. उपाय छोटासा होता : 'डोमेन कॉम्प्युटर्स' किंवा 'ऑथेंटिकेटेड युजर्स' या गटास वाचनाचा, फक्त वाचनाचा, अधिकार देणे.

तपास करावयाचा तो तक्रारदाराच्याच खात्यातून आणि त्याच सर्व्हरवर. 'जीपीरिझल्ट' ही आज्ञा कोणत्या पॉलिसी लागल्या व कोणत्या वगळल्या गेल्या, ते दाखविते. संशयित नियम एकेक करून सैल करावा. सगळेच एकदम काढले तर अडचण दूर होते, पण कारण हाती लागत नाही. बदल आपोआप पोहोचण्यास ९० ते १२० मिनिटे लागू शकतात. तेवढा धीर नसेल तर 'जीपीअपडेट' ही आज्ञा द्यावी. तरीही फरक दिसत नसेल, तर त्या व्यक्तीने खरोखर 'साइन आउट' केले की केवळ खिडकी मिटली, हे विचारावे. खिडकी मिटल्याने सर्व्हरवरील जुने सत्र संपत नाही. दुसऱ्या दिवशी तेच सत्र, कालच्या निर्बंधांसह, पुन्हा समोर उभे राहू शकते.