कुंड एकच की प्रत्येकाचं वेगळं?

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीला आलेले अनेक भाविक जवळच अकलोलीत, तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांत उतरतात. एकाने साबण लावला, की तो कुंडातल्या सगळ्यांच्या अंगाला लागतो. सर्व्हरवरही असाच पेच असतो.

रुग्णालयाच्या नोंदी, तिकीट आरक्षण यांसारखी कामं करणारे प्रोग्राम एकाच सर्व्हरवर 'कंटेनर' नावाच्या कप्प्यांत चालवता येतात. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'मुळे ही पद्धत रुळली. प्रश्न असा, की या कप्प्यांना फाइलींचा एकच संच द्यावा की प्रत्येकाला स्वतंत्र?

समजा, संच २०० एमबीचा आहे. शंभर कप्प्यांना स्वतंत्र दिला, तर २० जीबी जागा लागते आणि सुरक्षेची दुरुस्तीही शंभर ठिकाणी करावी लागते. सगळ्यांना एकच संच दिला आणि त्यात बदल करण्याची मुभाही दिली, तर एका कप्प्यातली घुसखोरी सगळ्यांना भोवते.

मधला मार्ग 'ओव्हरले' पद्धतीचा. ती २०१४ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यात आली. यात मूळ संच सामाईक, पण फक्त वाचण्यापुरता. एखाद्या कप्प्याने फाइल बदलली, की तिची प्रत त्याच्या स्वतःच्या थरात तयार होते. मूळ फाइल तशीच राहते.

मात्र कप्पा काढून टाकला, की त्याचा थरही जातो. रुग्णाचा तपासणी अहवाल तिथेच ठेवला असेल, तर तोही गेला. म्हणून प्रोग्राम सामाईक ठेवावा, नोंदी मात्र कप्प्याबाहेर, स्वतंत्र साठ्यात ठेवाव्यात आणि त्यांचा बॅकअपही घ्यावा.